नगरपालिकेचे अंदाजपत्रक

फेब्रुवारी महिना उजाडला की वृत्तपत्रांची पहिली पाने मध्यवर्ती सरकारच्या अंदाजपत्रकाने भरून जातात. कोणता कर वाढला, कोणता उतरला, कोणत्या खात्याच्या वाट्याला किती कोटी आले, याची चर्चा कचेरीत, बाजारात आणि घरोघर चालते. त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील लहानमोठ्या नगरपालिकांच्या सभागृहांतूनही एकेक अंदाजपत्रक मांडले जाते. त्याची वार्ता मात्र आतल्या पानावर, चार ओळींत आटोपते : अमुक नगरपालिकेचे इतक्या लाखांच्या शिलकीचे अंदाजपत्रक एकमताने मंजूर. वाचणारा पान उलटतो आणि विषय तेथेच संपतो.

वस्तुतः सर्वसामान्य माणसाच्या दिनक्रमाशी अधिक निकटचा संबंध या दुसऱ्या अंदाजपत्रकाचा असतो. सकाळी नळाला पाणी येते की नाही, दारापुढील गटार वाहते की तुंबते, रस्त्यावरचा दिवा लागतो की नाही, बाजारपेठेतील कचरा उचलला जातो की दुपारपर्यंत कुजत पडतो, मुलाच्या जन्माची नोंद कोठे होते आणि वडीलधाऱ्यांच्या अंत्यसंस्काराची सोय कशी असते, हे सारे नगरपालिकेच्या जमाखर्चावर अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ७,९३५ शहरे व गावे नागरी म्हणून मोजली गेली आणि त्यांपैकी ४,०४१ ठिकाणी कायद्याने स्थापन झालेली नागरी संस्था होती. मोठी महानगरे वजा केली तरी हजारो लहान नगरे उरतात. त्यांचा पैसा येतो कोठून, जातो कोठे आणि त्यावर मत देणाऱ्यांच्या हाती खरोखर किती असते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम रीत पाहू. महाराष्ट्रातील नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्या एक लाखाहून अधिक असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर ‘ब’ वर्ग आणि त्याखाली ‘क’ वर्ग, अशी त्यांची वर्गवारी आहे. अंदाजपत्रकाचा मसुदा मुख्याधिकारी तयार करतो. हा मुख्याधिकारी शासनाने नेमलेला असतो. मसुदा स्थायी समितीपुढे जातो, समिती त्यात फेरफार सुचविते आणि नंतर नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली खास बोलावलेल्या सभेत तो नगरसेवकांपुढे येतो. सभेने मंजूर केल्यावाचून एक एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षाच्या खर्चाला आधार राहत नाही. ज्या बाबीसाठी तरतूद नाही त्या बाबीवर पैसा खर्च करता येत नाही, हे या साऱ्या व्यवहाराचे मूळ सूत्र होय.

देशभर हीच पद्धत आहे असे मात्र नाही. केरळमध्ये नगरपालिकेचा उपाध्यक्ष हा वित्तविषयक स्थायी समितीचा पदसिद्ध अध्यक्ष असतो आणि अंदाजपत्रक तोच सभेपुढे मांडतो. म्हणजे तेथे निवडून आलेल्या प्रतिनिधीला आकड्यांची जबाबदारी स्वतःच्या तोंडाने घ्यावी लागते. त्याच राज्यात १९९६ साली लोकयोजनेची मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याच्या योजनाखर्चापैकी सुमारे ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला आणि त्या पैशाचे काय करावे याची चर्चा प्रभागसभांतून होऊ लागली. अंदाजपत्रक कोणी लिहावे आणि कोणी मांडावे, हा केवळ कार्यालयीन तपशील नाही, हे यावरून ध्यानी येईल.

आता अंदाजपत्रकाचे पुस्तक उघडू. त्यात प्रत्येक बाबीपुढे साधारणतः तीन रकाने असतात. पहिल्यात मागील वर्षी प्रत्यक्ष काय जमले व काय खर्चले ते असते. दुसऱ्यात चालू वर्षाचे सुधारित अंदाज असतात. तिसऱ्यात येणाऱ्या वर्षाची अपेक्षा असते. सभेत चर्चा होते ती बहुधा तिसऱ्या रकान्याची, कारण नव्या रस्त्याचे, नव्या उद्यानाचे, नव्या नाट्यगृहाचे आकडे तेथे असतात. परंतु ज्याला नगराची खरी प्रकृती जाणावयाची आहे त्याने प्रथम पहिला रकाना वाचावा. तिसरा रकाना मनात काय आहे ते सांगतो, पहिला हातून काय घडले ते सांगतो. दोहोंतील अंतर वर्षानुवर्षे मोठे राहत असेल तर ते अंदाजपत्रक केवळ मनोरथांची यादी ठरते.

जमेच्या बाजूला तीन प्रकारच्या रकमा असतात. पहिला प्रकार करांचा, आणि त्यात घरपट्टी व पाणीपट्टी मुख्य. दुसरा प्रकार भाडी व शुल्क यांचा : दुकानांच्या गाळ्यांचे भाडे, आठवड्याच्या बाजाराची फी, बांधकामाच्या परवानगीचे शुल्क इत्यादी. तिसरा प्रकार अनुदानांचा, म्हणजे राज्य व मध्यवर्ती सरकारांकडून येणाऱ्या पैशाचा. पन्नास वर्षांपूर्वी या यादीत आणखी एक नाव होते आणि ते सर्वांत ठळक होते. ते म्हणजे जकात.

जकातीची कथा नागरी स्वराज्याइतकीच जुनी आहे. १८५० च्या कायद्याने गावातील रहिवाशांना नगरसंस्था स्थापन करण्याची आणि अप्रत्यक्ष करही बसविण्याची मुभा मिळाली. प्रत्यक्ष कर लोकांना नकोसा वाटे. त्यामुळे मुंबई इलाख्यातील पुष्कळ गावांनी घरावर कर बसविण्याऐवजी गावाच्या वेशीवर येणाऱ्या मालावर कर घेणे पसंत केले. वेशीवर नाका बसला, गाडी थांबली, पावती फाडली, मग गाडी आत. देणाऱ्याला तो कर मालाच्या किमतीत मुरून जाई आणि गावकऱ्याला आपण काही देत आहोत याची जाणीवच होत नसे. ही पद्धत व्यापाराला अडथळा करणारी, नाक्यावर वेळ खाणारी आणि गैरव्यवहाराला वाव देणारी होती यात शंका नाही. म्हणून मध्य प्रदेशाने १९७६ साली आणि कर्नाटकाने १९७९ साली ती बंद केली. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली संपली. महानगरपालिकांची वाट पुढे वेगळी झाली आणि मुंबईतील जकात तर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती.

जकात गेली हे व्यापाराच्या दृष्टीने बरे झाले. परंतु तिच्या जागी नगरपालिकांच्या हाती आले ते शासनाचे सहायक अनुदान. जकात ही गावाची स्वतःची कमाई होती. पेठ वाढली, गिरणी निघाली, बाजार फुलला की तिचे उत्पन्न आपोआप वाढे. अनुदान हे दुसऱ्याने ठरविलेले आणि दुसऱ्याच्या सवडीने येणारे. कमावत्या मुलाने नोकरी सोडून वडिलांकडून महिन्याची ठराविक रक्कम घ्यावी, तसा हा पालट होता. रक्कम पुरेशी असली तरी घरातील त्याच्या शब्दाचे वजन पूर्वीइतके राहत नाही.

तेव्हा स्वतःचे म्हणावे असे मोठे साधन उरले ते घरपट्टीचे. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल त्याचा अंदाज करावयाचा, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर ठरलेल्या दराने कर आकारावयाचा, ही तिची रूढ रीत. दर चार वर्षांनी या मूल्याची फेरतपासणी व्हावी अशी अपेक्षा असते. तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. या फेरतपासणीच्या वर्षी नगरपालिकेच्या दारात जितकी गर्दी होते तितकी एरवी क्वचितच होत असेल. हरकतींचे अर्ज येतात, मोर्चे निघतात आणि निवडणूक जवळ असेल तर आकारणी पुढे ढकलावी असा आग्रह सर्व पक्ष एकमुखाने धरतात. परिणामी कित्येक ठिकाणी वीस वर्षांपूर्वीच्या भाड्यावर आजचा कर चालतो, तर नव्या वस्तीतील घराला शेजारच्या जुन्या वाड्यापेक्षा कितीतरी अधिक कर पडतो. करवाढ टाळल्याने न्याय होतोच असे नाही. कित्येकदा एकावरचा भार दुसऱ्यावर सरकतो एवढेच.

येथे आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे मध्यवर्ती सरकारच्या मालमत्तेवर, संसदेने वेगळी तरतूद केल्याखेरीज, स्थानिक संस्थेला कर बसविता येत नाही. गावातील रेल्वे स्थानक, टपाल कचेरी यांना रस्ता, दिवा, गटार ही सारी सोय लागते. त्यांच्याकडून सेवाशुल्क घेता येते, पण घरपट्टी नाही.

आकड्यांवाचून हा विषय हवेत राहील. म्हणून केवळ समजुतीसाठी एक गाव कल्पू या. लोकसंख्या तीस हजार, घरे सहा हजार. प्रत्येक घराला सरासरी वर्षाला दीड हजार रुपये घरपट्टी. म्हणजे चालू वर्षाची मागणी नव्वद लाखांची झाली. मागील वर्षांची थकबाकी साठ लाख धरू. एकूण मागणी दीड कोटी. अंदाजपत्रक मांडणारा जमेच्या बाजूला दीड कोटी लिहितो आणि त्या जोरावर खर्चाच्या बाजूला दीड कोटीची कामे लिहिली जातात. वर्षअखेर प्रत्यक्ष वसुली होते नव्वद लाखांची. उरलेल्या साठ लाखांचे काय होते? पगार थांबविता येत नाही, पाणी उपसण्याच्या पंपाचे वीजबिल चुकविता येत नाही, जंतुनाशकाची खरेदी टाळता येत नाही. थांबते ते गटाराचे काम, शाळेच्या छपराची दुरुस्ती, दवाखान्याची औषधे. म्हणजे कोणते काम होणार नाही याचा निर्णय सभागृहाने घेतलेला नसतो. तो वसुलीच्या तुटीने घेतलेला असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही ठरावात सापडत नाही.

दीड हजार रुपये ही रक्कम वर्षातून एकदा हाती देताना जड वाटते. तीनशे पासष्ट दिवसांवर विभागली तर ती दिवसाला चार रुपयांच्या आसपास येते. आज हॉटेलात चहाचा एक पेलाही तेवढ्यात मिळत नाही. त्या चार रुपयांत रस्ता, दिवा, झाडलोट आणि सांडपाणी यांची अपेक्षा आपण करतो.

पाण्याचा हिशेब याहून कडक असतो. त्याच कल्पित गावात पाच हजार नळजोडण्या आहेत आणि प्रत्येकी वर्षाला बाराशे रुपये पाणीपट्टी आहे असे धरले, तर पूर्ण वसुली झाली तरी साठ लाख येतात. पाणी उपसणे, शुद्ध करणे, टाकीत चढविणे, नळवाहिन्या दुरुस्त ठेवणे व त्यासाठी लागणारी माणसे यांचा खर्च एक कोटी असेल, तर चाळीस लाखांची तूट दरवर्षी इतर पैशातून भरावी लागते. ज्याच्या घरी नळ आहे त्याच्या पाण्याचा काही भाग अशा रीतीने ज्याच्या घरी नळ नाही त्याच्या करातून भरला जातो. पाणीपट्टी वाढवू नका असे सांगणारा नगरसेवक गरिबांची बाजू घेतो असे आपण समजतो. नळ कोणाच्या घरी आहे आणि टँकरमागे रांग कोण लावतो, हे पाहिल्यावर ही समजूत तपासून घ्यावीशी वाटते.

अनुदानांकडे वळू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या परिशिष्टात नगरनियोजनापासून दिवाबत्तीपर्यंत अठरा विषयांची यादी आली. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमून स्थानिक संस्थांच्या अर्थस्थितीचा विचार करावा असेही ठरले. कामांची यादी घटनेत लिहिली गेली. परंतु कोणते कर नगरपालिकेने बसवावे हे ठरविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडेच राहिला. विषय अठरा मिळाले, त्यांच्या तोडीचे करांचे नवे साधन मिळाले नाही.

मध्यवर्ती वित्त आयोगाची अनुदाने हा त्यातला मोठा आधार. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी नागरी संस्थांकरिता १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांहून कमी वस्तीच्या नगरांना मिळणाऱ्या रकमेपैकी साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावयाची होती. उरलेली चाळीस टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येई, पण पगारासाठी नव्हे. शिवाय हिशेब लोकांपुढे प्रसिद्ध करावेत आणि राज्याने घरपट्टीचा किमान दर ठरवून तिची वसुली वाढती ठेवावी, अशा अटी होत्या. या अटी अनाठायी होत्या असे कोणी म्हणणार नाही. पाणी व स्वच्छता यांहून निकडीचे काम कोणते? तरीही एक गोष्ट खरी की, जो पैसा आधीच वाटून आला त्यावर सभागृहाने मत देणे ही केवळ पोच होय.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये नागरी वित्ताविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. तो मुख्यतः महानगरपालिकांचा आहे. परंतु त्यातील एक निरीक्षण सर्वच नागरी संस्थांना लागू पडण्यासारखे आहे. आपल्या देशातील नगरसंस्थांचे उत्पन्न व खर्च दशकाहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत राहिला आहे, असे तो अहवाल सांगतो. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के असल्याचे त्यात नमूद आहे. आपली नगरे वाढली, गरजा वाढल्या. हातातील पैशाचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले.

आता त्या नेहमीच्या वार्तेतील ‘शिलकीचे अंदाजपत्रक’ या शब्दांचा अर्थ पाहता येईल. शिल्लक म्हटले की काटकसर आणि चोख कारभार असे आपल्या मनात येते. परंतु नगरपालिकेला तुटीचे अंदाजपत्रक करण्याची मोकळीक नसते. मध्यवर्ती सरकार कर्ज काढून तूट भरते. नगरपालिकेला शासनाच्या परवानगीवाचून कर्ज काढता येत नाही. म्हणून दोन्ही बाजू जुळवून शेवटी थोडी शिल्लक दाखविणे हे क्रमप्राप्तच असते. प्रारंभीची शिल्लक म्हणून जी मोठी रक्कम दिसते, तिच्यात कित्येकदा एखाद्या योजनेसाठी आलेला आणि वेळेत खर्च न झालेला पैसा असतो. तो गावाचा असला तरी दुसऱ्या कामाला लावता येत नाही. घरात धान्याची कोठी भरलेली दिसावी, पण ते सारे बियाणे असावे, तसा हा प्रकार आहे.

सभेच्या दिवशी काय घडते? प्रत्येक नगरसेवक आपल्या प्रभागातील रस्ता, पूल, दिवे, समाजमंदिर यांची मागणी करतो. ती करणे त्याचे कर्तव्यच आहे. उपसूचना येतात, काही रकमा वाढतात. खर्चाचा आकडा वाढविला की जमेचा आकडाही तितकाच वाढवावा लागतो. मग कोणीतरी सुचवितो की वसुलीचा अंदाज थोडा वाढवून धरा. घरपट्टीचा दर वाढवा असे सुचविणारा आवाज अशा वेळी फारसा ऐकू येत नाही. अशा रीतीने सर्वांचे समाधान होते आणि अंदाजपत्रक एकमताने मंजूर होते. माझ्या नोकरीच्या निमित्ताने अशी पुष्कळ अंदाजपत्रके चाळण्याचा योग मला आला. एकमताचे अंदाजपत्रक हे नेहमीच एकजुटीचे लक्षण असते असे मला आढळले नाही. ज्यात कोणालाच काही द्यावे लागत नाही आणि प्रत्येकाला कागदावर काहीतरी मिळते, त्याला विरोध कोण करणार?

याच्या उलट टोकाची एक पद्धत तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट नावाचे लहानसे राज्य आहे. तेथील अनेक गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. गावाचा अहवाल व अंदाजपत्रक छापून मतदारांना आधीच दिलेले असते. सभेत प्रतिनिधी नव्हे, तर मतदार स्वतः एकेक बाब मतास घेतात. हिमवर्षावात रस्ते मोकळे करणाऱ्या गाडीसाठी पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, तीच रक्कम आपल्या घराच्या करात येणार आहे. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली झालेल्या कायद्याने घरपट्टीच्या एकूण रकमेची वार्षिक वाढ, नवी बांधकामे सोडून, अडीच टक्क्यांवर रोखली आहे. त्याहून अधिक हवी असेल तर गावाने स्वतः मतदान करून तशी मुभा घ्यावी लागते. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणता येईल असे नाही. तीस हजारांच्या गावाची सभा कोठे भरवणार? शिवाय तेथेही सभेला येणारे थोडे आणि न येणारे बहुत, अशी तक्रार आहेच. परंतु देणे आणि ठरविणे ही दोन्ही कामे एकाच हाताने एकाच क्षणी होतात, हा तिचा गुण मात्र घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे हा गुण कधी नव्हताच असे समजण्याचे कारण नाही. १८७६ पासून काही वर्षे महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्या काळी सभासद निवडले जात नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. १८८० साली व्हाइसरॉयांच्या पुणे-भेटीच्या स्वागताकरिता एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा स्वागतावर न उधळता गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे फुल्यांनी सुचविले. मत घेण्यात आले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधाचे मत एकट्या फुल्यांचे पडले. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु त्या सभेतील एकतीस होकारांची आठवण आज कोणाला आहे? एका नकाराची आहे. नगराच्या पैशाचा पहिला हक्कदार कोण, हा प्रश्न त्या एका हाताने विचारला आणि तो इतिवृत्तात राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ च्या मे महिन्यात, लॉर्ड रिपनच्या प्रसिद्ध ठरावाने स्थानिक संस्थांत लोकनियुक्त सभासद वाढविण्याचे धोरण मांडले. राज्यकारभाराचे शिक्षण लोकांना येथेच मिळावे, हा त्याचा हेतू त्या ठरावात स्पष्ट होता.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील अलीकडच्या काही वर्षांकडे पाहावे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या पुष्कळ नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. आरक्षणाविषयीचे वाद न्यायालयात होते व निवडणुका लांबत गेल्या. त्या होण्यास डिसेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात तेथे प्रशासक होते आणि अशा अनेक नगरांची चार अंदाजपत्रके ओळीने प्रशासकांनी मंजूर केली. प्रशासक हा माझ्याच वर्गातील माणूस. त्याने काम वाईट केले असे म्हणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. काही ठिकाणी वसुली सुधारली असेल, हिशेब अधिक नीटनेटके झाले असतील. परंतु मसुदा मुख्याधिकाऱ्याने करावा आणि प्रशासक म्हणून बहुधा त्यानेच किंवा त्याच्या वरिष्ठाने तो मंजूर करावा, या व्यवहारात उपसूचना कोण मांडणार आणि विरोधी मत कोण नोंदविणार? १८८० सालच्या सभेत सरकारने नेमलेले का होईना, बत्तीस सभासद होते. म्हणून एक हात खाली राहू शकला. सभागृहच नसेल तर तोही मार्ग बंद होतो. सभेत होणारा गोंगाट, प्रभागाप्रभागांतील ओढाताण यांचा आपल्याला कंटाळा येतो. तथापि त्या गोंगाटातूनच कोणत्या वस्तीला पाणी नाही हे कचेरीला कळते.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. त्यांच्या हातून काय व्हावे, आणि आपण नागरिकांनी काय करावे? नगरपालिकेचे अंदाजपत्रक हे गुप्त दप्तर नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपले अंदाजपत्रक आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे आहे. ते मिळवून वाचणे हे काही लेखापालाचेच काम नाही. तीन आकडे पाहिले तरी पुष्कळ उमगते. पहिला, घरपट्टीची मागणी किती आणि मागील वर्षी प्रत्यक्ष वसुली किती. दुसरा, पाणीपुरवठ्याचा खर्च किती आणि पाणीपट्टी किती. तिसरा, दाखविलेल्या शिलकीपैकी नगरपालिकेला मोकळेपणाने खर्चता येईल अशी रक्कम किती. हे तीन आकडे हाती घेऊन आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला फेब्रुवारीतील सभेपूर्वी भेटणारे दहा नागरिक प्रत्येक प्रभागात निघाले, तर सभेतील भाषणांचा रोख बदलल्यावाचून राहणार नाही.

थकबाकीदारांची यादीही याच ठिकाणी पाहावी. मोठी थकबाकी दर वेळी गरिबाच्या झोपडीवर असते असे नाही. कित्येकदा ती मंगल कार्यालयांची, संस्थांची, प्रतिष्ठितांच्या वाड्यांची आणि क्वचित सभागृहात बसणाऱ्यांचीही असते. ज्याने स्वतःची पट्टी भरलेली नाही त्याने इतरांच्या पट्टीतून आपल्या दारचा रस्ता मागावा, हे शोभणारे नाही. उलट ज्याने वेळेवर पट्टी भरली आहे त्याला गटार का तुंबले असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने वापरला पाहिजे.

नगरपालिकेला आपण सरकारचे सर्वांत खालचे अंग मानतो. दिल्ली वर, मुंबई मध्ये आणि आपले गाव तळाशी, अशी ती उतरंड आपल्या मनात असते. परंतु उतरंडीचा सारा भार तळाच्या मडक्यावर असतो, हे घर चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. अनुदाने येत राहतील आणि ती यावयास हवीत, कारण लहान नगराला सर्व भार स्वतःच्या करांवर पेलणे शक्य नाही. मात्र जमेच्या बाजूला स्वतःच्या घामाचा काही लक्षणीय भाग असल्यावाचून खर्चाच्या बाजूला स्वतःची इच्छा लिहिता येत नाही. पुढील फेब्रुवारीत आपल्या गावच्या अंदाजपत्रकाची चार ओळींची वार्ता वाचाल, तेव्हा ‘एकमताने’ या शब्दापाशी थोडे थांबावे आणि कोणत्या प्रश्नावर हे एकमत झाले, तेवढे नगरपालिकेत जाऊन विचारावे.